मोडीत निघणारे घर : नगर-केडगाव परिसरातील वार्षिक आवराआवर आणि जुन्या वस्तूंचा व्यवहार

‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार आज निकामी ठरविणे या सामान्य अर्थाने रूढ आहे. त्याचे मूळ मात्र घरातील भांड्याकुंड्यांच्या एका नेमक्या व्यवहारात सापडते. फुटके वा निरुपयोगी झालेले तांब्यापितळेचे भांडे कासाराकडे नेले असता त्याची किंमत भांडे म्हणून होत नाही. ती धातू म्हणून, वजनावर होते. अशा जुन्या धातूस मोड म्हणतात व त्याचा भाव नव्या मालाहून वेगळा असतो. भांडे मोडीत निघाले म्हणजे त्याचा आकार, त्याचे काम, त्यावर कोरलेले नाव या सर्वांचे मूल्य शून्य झाले आणि तराजूच्या काट्यावर दिसेल तेवढेच मूल्य उरले. घरातील जुन्या वस्तू उंबऱ्याबाहेर पडतात तेव्हा त्यांचे काय होते, याचे मर्म या एका शब्दात साठविलेले आहे. ते उलगडून दाखविणे आणि त्याचा इतिहास-समाजशास्त्राच्या अभ्यासकांशी असलेला संबंध स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

विवेचनासाठी केडगाव आणि त्याच्या भोवतालचा नगर परिसर डोळ्यांपुढे ठेवला आहे. हे केडगाव अहिल्यानगर शहराला पुण्याच्या वाटेवर लागून असलेले, रेणुकामातेच्या देवस्थानामुळे प्रसिद्ध असलेले गाव होय. पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमुळे ज्ञात असलेले दौंड तालुक्यातील केडगाव ते वेगळे. (जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव २०२४ मध्ये बदलून अहिल्यानगर असे करण्यात आले.) येथे जुने गावठाण आणि महानगरपालिकेच्या हद्दीतील नव्या वसाहती शेजारी-शेजारी नांदतात. त्यामुळे वस्तू साठविणारे घर आणि वस्तू साठविण्यास जागा नसलेले घर, अशी दोन्ही प्रकारची घरे एकाच ठिकाणी विचारात घेता येतात.

१. आवराआवरीचा काळ

युरोपात घराची मोठी झाडलोट वसंतात होते. हिवाळाभर बंद घरात पेटत्या शेगडीचा धूर व काजळी साचलेली असते. ऊन पडू लागताच खिडक्या उघडून ती काढावी लागते. इराणात नवरोजच्या आधी ‘खाने-तकानी’, म्हणजे शब्दशः घर झटकणे, हा विधी होतो तोही वसंताच्या उंबरठ्यावरच. याच ऋतूला जोडून जुन्या सामानाची विक्रीही येते. नेदरलँड्समध्ये राजाचा वाढदिवस २०१४ पासून सामान्यतः २७ एप्रिल या दिवशी साजरा होतो. त्या दिवशी कोणाही नागरिकाला परवान्यावाचून रस्त्यावर आपले जुने सामान मांडून विकता येते. फ्रान्समध्ये अशा बाजाराचे नावच ‘व्हिद-ग्रनिए’, म्हणजे ‘माळा रिकामा करणे’, असे आहे.

दख्खनच्या पठारावर वसंत हा माळा रिकामा करण्याचा काळ नव्हे. तो माळा भरण्याचा काळ होय. नगर जिल्हा रब्बी ज्वारीचा. ही ज्वारी माघ-फाल्गुनात निघते आणि घरात येते. चैत्र-वैशाखात पापड-कुरडयांची वाळवणे होतात, लोणच्यांच्या बरण्या भरतात; लग्नसराईसाठी मोठी पातेली व घंगाळी खाली उतरतात आणि कार्य आटोपताच पुन्हा वर जातात. घराला खरी ओल लागते ती पावसाळ्यात. भिंतींना बुरशी, वाकळांना कुबट वास, लाकडात कसर हे सर्व श्रावण-भाद्रपदातील दुखणे. म्हणून येथील मोठी आवराआवर भाद्रपदाच्या वद्य पक्षात, घट बसण्यापूर्वी होते. पश्चिम महाराष्ट्राच्या व मराठवाड्याच्या अनेक भागांत तिला ‘दसरा काढणे’ असे म्हणतात. घरातील झाडून सारी अंथरुणे-पांघरुणे धुवून उन्हात टाकणे, भांडी घासणे, भिंती सारवणे अथवा रंगविणे आणि माळा उतरविणे, ही तिची अंगे. देवीचे स्थान असलेल्या केडगावासारख्या गावी या कामास नवरात्राची निश्चित मुदतच असते.

या काळाची आणखी एक बाजू ध्यानात घेण्याजोगी आहे. पितृपक्षात नवी खरेदी टाळण्याचा संकेत आहे. म्हणजे जुने बाहेर निघते त्या पंधरवड्यात नवे आत येत नाही. ते येते दसरा-दिवाळीला. या मधल्या अवकाशात घरातील कोणती वस्तू ठेवायची आणि कोणती काढायची, याचा निर्णय होतो.

वसंतातील विक्रीचे एक उदाहरण मात्र महाराष्ट्रातही आहे, ते शालेय पुस्तकांचे. वार्षिक परीक्षा संपली की वरच्या इयत्तेतील मुलाची पुस्तके खालच्या इयत्तेतील मुलाने निम्म्या किमतीस घ्यावयाची, हा प्रघात अनेक पिढ्यांच्या परिचयाचा आहे. येथे देणारा व घेणारा दोघेही वस्तू पुरती ओळखतात आणि पुस्तक पुस्तक म्हणूनच हातोहात जाते. पुढील विवेचनात हे उदाहरण तुलनेसाठी उपयोगी पडेल.

२. माळा ही संस्था

नगर परिसरातील जुनी घरे धाब्याची अथवा माळवदाची. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या वा किलचे आणि वर मातीचा थर, अशी त्यांची रचना. अशा घरात पोटमाळा, बळद, फडताळ, भिंतीतील कोनाडे-देवळ्या या सर्व जागा साठवणीच्या. माळ्याला अडगळ म्हणण्याची पद्धत आहे. पण या अडगळीत तीन वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तू असतात. वर्षातून एकदोनदाच लागणाऱ्या वस्तू, जसे कार्याची भांडी अथवा गौरीचे मुखवटे, हा पहिला प्रकार. मोडलेल्या पण दुरुस्त होऊ शकणाऱ्या अथवा सुटे भाग कामी येणाऱ्या वस्तू हा दुसरा. ज्यांचा उपयोग संपला आहे पण ज्या टाकण्याचा निर्णय कोणी घेतलेला नाही अशा वस्तू हा तिसरा. कागदपत्रांची बासने बहुधा या तिसऱ्या प्रकारात मोडतात.

ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ मायकेल थॉम्पसन याने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘रबिश थिअरी’ या ग्रंथात वस्तूंच्या मूल्याविषयी एक महत्त्वाचे तत्त्व मांडले. बहुतेक वस्तूंचे मूल्य वापराबरोबर घटत जाते. त्यांना तो अल्पकालिक वस्तू म्हणतो. काही थोड्या वस्तूंचे मूल्य काळाबरोबर वाढते; त्या चिरस्थायी. पहिल्या वर्गातून दुसऱ्या वर्गात सरळ उडी घेता येत नाही. मधे ‘टाकाऊ’ या शून्य मूल्याच्या अवस्थेतून जावे लागते. ज्या वस्तू या अवस्थेत नष्ट न होता टिकून राहतात, त्यांतीलच काही पुढे कोणाच्या तरी दृष्टीला पडून मौल्यवान ठरतात. या तत्त्वाच्या प्रकाशात पाहिले तर माळा ही त्या मधल्या अवस्थेची कोठी होय. तेथे वस्तूला कोणी जपत नाही, पण कोणी नष्टही करीत नाही. आवराआवर हा या तटस्थतेचा शेवट असतो.

३. वस्तूंच्या चार वाटा

घराबाहेर पडणाऱ्या वस्तूंची विभागणी ग्राहकाच्या धंद्यावरून ठरते. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कचरावेचकांच्या संघटनेने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ असे नाव घेतले. जुन्या सामानाचा सारा व्यवहार वस्तूंच्या नावांनी न चालता द्रव्यांच्या नावांनी चालतो, हे या नावातूनच कळते.

पहिली वाट कापडाची. जुने कपडे बोहारणीला देऊन तिच्याकडून भांडे घेणे हा व्यवहार रोख पैशाच्या युगातही वस्तुविनिमयाच्या रूपाने टिकून राहिला. याची कारणे दोन दिसतात. वापरलेले वस्त्र पैसे घेऊन विकणे हे प्रतिष्ठित घराला कमीपणाचे वाटते. त्याच्या बदल्यात भांडे आले की व्यवहाराला विक्रीचे रूप राहत नाही. दुसरे, हा सौदा सामान्यतः घरातील स्त्री करते आणि त्यातून आलेले भांडे तिच्याच स्वयंपाकघरात राहते. रोख रक्कम मात्र घरखर्चात सहज विरून जाते. घासाघीस कितीही चालली तरी सौद्याची सूत्रे दोन्ही बाजूंनी स्त्रियांच्याच हाती असतात. पुढे या कपड्यांचे काय होते, याचा शोध ल्यूसी नॉरिस या संशोधिकेने दिल्लीतील व्यापाराच्या आधारे घेतला. तिचा ग्रंथ २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. चांगले कपडे दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येतात, फाटक्यांच्या चिंध्या होतात, आणि खऱ्या जरीची वस्त्रे जाळून त्यांतील चांदी काढली जाते. पैठणीचा पदर येथे वस्त्र म्हणून मोजला जात नाही; तो चांदीचा अंश म्हणून मोजला जातो.

दुसरी वाट धातूची. कासार जुने भांडे तोलतो, डाग व कल्हई यांची घट वजा करतो, उरलेल्या वजनास मोडीचा भाव लावतो आणि नव्या भांड्याच्या किमतीतून ती रक्कम वळती करून देतो. तांब्यापितळेची जागा आधी ‘जर्मल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमने, पुढे पोलादाने व प्लास्टिकने घेतली, तशी जड भांडी मोठ्या प्रमाणावर माळ्यावर गेली आणि तेथून मोडीत निघाली.

तिसरी वाट लाकूड व अवजारे यांची. त्यांतील मोठा भाग सरपणात अथवा होळीत जातो. कोरीव खांब, दारांच्या चौकटी, हडपे मात्र वाडे पाडताना जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे जातात.

चौथी वाट कागदाची. रद्दीवाल्याच्या तराजूत वर्तमानपत्र, शालेय वही आणि शंभर वर्षांपूर्वीचे खत यांचा भाव सारखाच.

४. ज्ञानाची विषमता

जुन्या मालाच्या बाजाराविषयी अर्थशास्त्रातील सर्वांत प्रसिद्ध विवेचन जॉर्ज ॲकरलॉफ याचे, १९७० सालचे. वापरलेल्या मोटारींच्या व्यवहारात विक्रेत्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. या विषमतेमुळे चांगला माल बाजारातून हटतो, असे त्याने दाखविले. माळ्यावरील सामानाच्या बाबतीत स्थिती नेमकी उलट असते. येथे घरमालकाला आपल्याकडे काय आहे हे ठाऊक नसते आणि दारावर आलेल्या ग्राहकाला त्याच्या धंद्यापुरते ते पक्के ठाऊक असते. जरीतील चांदी, पितळेचा कस, सागवानाचा दर त्याला कळतो. पण त्याचे ज्ञानही द्रव्यापुरतेच मर्यादित आहे. त्यामुळे वस्तूमध्ये द्रव्यापलीकडचे जे काही आहे ते दोघांपैकी कोणाच्याच हिशेबात येत नाही. पाठ्यपुस्तकाच्या व्यवहारात दोघेही वस्तू ओळखत होते; माळ्याच्या व्यवहारात दोघांनाही ती अनोळखी असते.

या द्रव्यापलीकडच्या अंशाचे साधे उदाहरण भांड्यांवरील लेखांचे. लग्न, बारसे, वास्तुशांत अशा प्रसंगी दिलेल्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरून घेण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. देणाऱ्याचे नाव, त्याचे गाव, घेणाऱ्याचे नाव, क्वचित प्रसंग व तारीख एवढा मजकूर त्यात येतो. एका घरातील अशी सारी भांडी एकत्र मांडली तर त्या घराचे सोयरसंबंध कोणकोणत्या गावांशी होते, आहेराची देवाणघेवाण किती व कोणत्या क्रमाने झाली, कोणत्या दशकात पितळ जाऊन पोलाद आले, हे सर्व वाचता येते. स्त्रियांची नावे जुन्या दस्तऐवजांत विरळ आढळतात. भांड्यांवर ती वारंवार भेटतात. असा हा घरगुती कोरीव लेखांचा संग्रह मोडीत निघताच वितळून जातो आणि त्याची नक्कल कोठेही राहत नाही.

५. कागदांची गोष्ट

कागदांच्या बाबतीत हानी अधिक गंभीर आहे, कारण मराठ्यांच्या इतिहासाचा मोठा भाग घरगुती संग्रहांतूनच उभा राहिलेला आहे. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. पानिपतपूर्व दशकातील पत्रव्यवहार त्यात आला. पुढील काळात राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरील दप्तरे धुंडाळीत राहिले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली ती या प्रकारच्या कार्याला स्थिर अधिष्ठान मिळावे म्हणून. नगर येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयानेही परिसरातील मोडी कागदपत्रे जतन केली आहेत.

तथापि या प्रयत्नांची दृष्टी स्वाभाविकच राजकीय महत्त्वाच्या घराण्यांकडे अधिक होती. सामान्य कुळकर्णी, शेटे, सावकार, बलुतेदार यांच्या घरांतील रोजकीर्दी, खतावण्या, कर्जरोखे, सारा भरल्याच्या पावत्या, वाटणीपत्रे आणि खासगी पत्रे माळ्यावरच राहिली. दोन घटनांनी त्यांचे भवितव्य ठरविले. कुळकर्णी वतने मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्याने रद्द झाली. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या हक्काचा पुरावा म्हणून जपलेल्या दप्तरांचा व्यावहारिक उपयोग संपला. त्याच सुमारास मोडी लिपीचे शिक्षण व शासकीय वापरही मागे पडला. त्यामुळे घरातील पुढच्या पिढीला ते कागद वाचता येईनात. ज्याचा उपयोग नाही आणि जे वाचताही येत नाही, ते रद्दीत जाण्यास मग कोणताही अडसर उरला नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कागद वाचला, पण त्याचे घर हरवले, तरीही अर्धा पुरावा नष्ट होतो. पुण्याच्या जुन्या बाजारात एखादे मोडी खत विकत मिळू शकते. पण ते कोणत्या गावच्या कोणत्या घरातून आले, त्याच्या बासनात दुसरे कोणते कागद होते, हे सांगणारा तेथे कोणी नसतो. एकट्या खतातून एका कर्जाची माहिती मिळते. संपूर्ण बासनातून एका गावच्या पतव्यवस्थेची.

वस्तूंच्या बाबतीत याचा प्रत्यय दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांच्या कार्यात येतो. अडकित्ते, दिवे, दौती, कुंकवाचे करंडे अशा सामान्य गृहोपयोगी वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या आणि पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. अडकित्ता हा भंगार नसून कलाकृती आहे, ही दृष्टी त्यांनी दिली आणि टाकाऊतून चिरस्थायीकडे जाणारी थॉम्पसनची वाट महाराष्ट्रात प्रत्यक्ष चालून दाखविली. मात्र अशी दृष्टी असलेली व्यक्ती प्रत्येक गल्लीत रद्दीवाल्याच्या आधी पोहोचू शकत नाही.

६. कायदा आणि त्याची मर्यादा

१९७२ च्या पुरावशेष व कलासंपदा अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वा कलात्मक वस्तू पुरावशेष ठरतात. शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन वा सौंदर्यदृष्ट्या मूल्य असलेल्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशा वस्तूंच्या व्यापारास परवाना लागतो आणि खासगी निर्यातीस बंदी आहे. परंतु या कायद्याचा रोख चोरी व निर्यात यांवर आहे. स्वतःच्या घरातील रोजकीर्द रद्दीत घालणाऱ्या गृहस्थास तो अडवू शकत नाही. त्यासाठी ती रोजकीर्द आहे हे आधी कोणीतरी ओळखावे लागते.

७. खुल्या विक्रीचे खरे मूल्य

या पार्श्वभूमीवर सामुदायिक विक्रीच्या प्रथेकडे पाहिले असता तिचे महत्त्व वेगळ्या ठिकाणी दिसते. फ्रेंच माळेबाजारात सामान्य नागरिकास वर्षातून दोनदाच, आणि तेही स्वतःच्या वापरातील जुन्या वस्तू विकण्याची मुभा आहे. भाग घेणाऱ्यांची नोंदवहीही ठेवावी लागते. विक्रेता स्वतः घरमालकच असल्याने वस्तूबरोबर तिची हकीकतही बाजारात येते. शेकडो डोळे तीच वस्तू पाहतात. त्यांतील एखादा तिला ओळखतो. दारावरच्या सौद्यात मात्र डोळे दोनच जोड असतात आणि त्यांतील एका जोडीचे लक्ष तराजूकडे असते. महाराष्ट्रातील जुन्या बाजारांत डोळे पुष्कळ असतात, पण तेथे पोहोचेपर्यंत वस्तू तिच्या घरापासून तुटलेली असते. २०१६ च्या सुमारास अनेक गावांत उभ्या राहिलेल्या ‘माणुसकीची भिंत’ या उपक्रमात वस्तू गरजूपर्यंत थेट जाते, हे मोलाचे आहे; पण तेथेही देणारा अनामच राहतो.

सारांश, जुन्या वस्तूंचे फेरवाटप महाराष्ट्रात उत्तम चालते. कापड, धातू, कागद यांतील क्वचितच काही वाया जाते आणि त्यावर अनेक कष्टकरी कुटुंबांचा निर्वाह होतो. या व्यवस्थेत दोष असलाच तर एवढाच की, तिला द्रव्य दिसते आणि माहिती दिसत नाही. ही उणीव भरून काढण्यास बोहारीण किंवा रद्दीवाला यांना दूर सारण्याचे कारण नाही. भांडे मोडीत जाण्यापूर्वी त्यावरील मजकुराची नक्कल करता येते, त्याचे छायाचित्र घेता येते. कागदाचे बासन रद्दीत जाण्यापूर्वी ते न सोडविता, घराचे नाव व माळ्यावरील जागा यांची नोंद करून, मोडी जाणणाऱ्याकडे दाखविता येते. ही कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आटोक्यातील आहेत. त्यांना थोडे मोडीचे ज्ञान, एक वही आणि घरच्या मंडळींचा विश्वास एवढेच भांडवल लागते.

काळाची निकड मात्र मोठी आहे. गावठाणातील धाब्याची घरे पडून त्या जागी सिमेंट-काँक्रीटची घरे येत आहेत. नव्या घरात न्हाणीघरावरील लहानशा फळीपलीकडे माळा नसतो. जुने घर पाडताना होणारी आवराआवर ही वार्षिक नसते. ती अखेरची असते, आणि तीत वस्तूंना पुन्हा वर ठेवण्याची सोय नसते. केडगावासारख्या, खेड्यातून शहरात जाणाऱ्या गावांत हे स्थित्यंतर आज चालू आहे. म्हणून क्षेत्रकार्याचे वेळापत्रक विद्यापीठीय सत्रांवर न बसविता पंचांगावर बसविणे इष्ट ठरेल. भाद्रपद वद्य प्रतिपदा ते सर्वपित्री अमावास्या हा पंधरवडा नगर परिसरातील घरगुती इतिहासाच्या अभ्यासकाला सर्वांत अनुकूल आहे; कारण त्या दिवसांत माळ्यावरील सामान अंगणात उतरलेले असते आणि तराजू अजून दारात यायचा असतो.